एमपीसी वन: संबळ-हलगीच्या बीटसाठी घ्यावं का?

एमपीसी वन म्हणजे आवाज रेकॉर्ड करून ते पॅडवर वाजवत बीट बनवायचं ‘अकाई’ कंपनीचं मशीन. बीट बनवून पुढे स्वतःचं लेबल, म्हणजे गाणी काढणारी कंपनी, काढायचं डोक्यात असेल तर ते घ्या. नुसता रॅप रेकॉर्ड करायचाय? मग नको. मागचे दोन्ही इनपुट लाइनचे, म्हणजे कीबोर्ड-मिक्सरसारख्या जोरदार सिग्नलचे आहेत. माईकचा क्षीण सिग्नल वाढवणारा प्रीअँप नाही, कंडेन्सर माईकला वीज देणारी फँटम पॉवर नाही. माईक जोडायच्या ऑडिओ इंटरफेसचा खर्च वेगळा धरावा लागतो.

हे घराणं १९८८चं, रॉजर लिन या डिझायनरच्या एमपीसी ६०पासूनचं. १९९६ साली ‘आफ्टरमॅथ’ लेबल काढणारा रॅप निर्माता डॉ. ड्रे एमपीसी ३०००वर काम करायचा. बीटमेकर जे डिलाचं एमपीसी ३००० तर आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

खरी गंमत सॅम्पलिंगमध्ये, म्हणजे खऱ्या वाद्याचा आवाज रेकॉर्ड करून वापरण्यात. हलगीचा ठोका कोरडा, त्यामुळे ‘चॉप’ला, म्हणजे रेकॉर्डिंगचे तुकडे करताना, थ्रेशोल्ड (आवाज ठरावीक पातळीवर गेला की कापणं) लावलं की स्वच्छ तुकडे पडतात. तुळजापूरकडच्या गोंधळातला संबळ मात्र असा सरळ ऐकत नाही. मोठ्या भांड्याचा घुमारा पुढच्या ठोक्यात शिरतो आणि मशीन दोन ठोके एकच धरतं. तिथे मॅन्युअल चॉप करा, एकेक तुकडा वेगळ्या पॅडवर टाका आणि मोठ्या भांड्याचे सगळे पॅड एकाच म्यूट ग्रुपमध्ये ठेवा; नवा ठोका जुना घुमारा कापतो. स्विंग (मधले ठोके किंचित उशिरा टाकणं) ५० ते ७५ टक्क्यांपर्यंत मिळतो, पण ५४ ते ५८च्या पुढे संबळ लंगडायला लागतो. अख्खा लूप (पुन्हा पुन्हा फिरणारा तुकडा) वापरणार असाल तर स्विंगला हातच लावू नका, वादकाचा लयीतला झोल त्यात आधीच असतो.

बॅटरी नाही, हा मोठा दोष. लाइट गेली की सेव्ह न केलेलं सगळं गेलं. घरचा इन्व्हर्टर उशिरा चालू होतो, तेवढ्यात मशीन बंद पडतं. कॉम्प्युटरचा साधा यूपीएस लावा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर लाइनमध्ये घरघर येते, तेव्हा रेकॉर्डिंग टाळलेलं बरं. उन्हाळ्याच्या धुळीत पॅड झाकून ठेवा.

लेबलवाल्यांनी मिक्सडाउन (तयार गाण्याची फाइल काढणं) करताना ‘एक्सप्लोड ट्रॅक्स’ चालू ठेवून प्रत्येक ट्रॅकची २४ बिट वेव्ह फाइल काढून ठेवावी. रिमिक्स असो की जाहिरातीचा सौदा, मागणी सुट्या ट्रॅकची येते. गोंधळी किंवा हलगीवाल्याचं वाजवणं वापरताना लेखी परवानगी आणि मानधन आधीच ठरवा; ध्वनिमुद्रणावरचा हक्क आपल्याकडे ६० वर्षं चालतो.

जुन्या ‘वन’मध्ये साठवण फक्त ४ जीबी, त्यातली निम्मी कंपनीच्याच आवाजांनी भरलेली, म्हणून एसडी कार्ड लागतंच. नव्या ‘वन प्लस’ला १६ जीबी आणि वायफाय मिळतं. किमतीत फार फरक नसेल तर तेच उचला.