फाटकावरची सागवानी पाटी: लकडगंजातील सीएनसी कोरीवकामाचा अनुभव

नागपुरात सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने लाकूड कोरणाऱ्या यंत्रावर, लाकडी पाट्या कोरून देणाऱ्यांची आता वानवा राहिलेली नाही. परंतु त्यांतील बहुतेकांचे काम यंत्र थांबते तेथेच संपते. लकडगंजच्या लाकूडबाजारात एका वखारीच्या मागील बाजूस असलेल्या ज्या कार्यशाळेकडून आम्ही घराच्या फाटकासाठी पाटी करून घेतली, तेथे यंत्र सुरू होण्यापूर्वी आणि थांबल्यानंतर जे हातकाम होते, त्यासाठीच तिची शिफारस करावीशी वाटते. काही उणिवाही आढळल्या. त्या ओघात येतीलच.

घराचे नाव ‘कृष्णार्पण’. ऋकार, जोडाक्षर आणि रफार अशा तिन्ही गोष्टी एकाच शब्दात असल्यामुळे अक्षर जुळवणाऱ्याचा कस लागतोच. संगणकाच्या टंकात प्रत्येक अक्षर आपली शिरोरेघ सोबत घेऊन येते आणि ती शेजारच्या अक्षराच्या रेघेवर किंचित चढते. कागदावर छापताना हे कोणाच्या लक्षात येत नाही. राउटरचे सॉफ्टवेअर मात्र अक्षरांच्या बाह्यरेषा वाचत असल्याने त्या एकमेकींवर चढलेल्या जागी लाकूड न कोरता तसेच सोडते आणि शिरोरेघेत ठिकठिकाणी बारीक बेटे राहून जातात. मराठी पाट्यांचा नियम २०२२च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही लागू झाला, पाट्या मराठीत आल्याही. पण शिरोरेघ अशी तुटलेली असेल तर नियम पाळला गेला एवढेच समाधान उरते. या कार्यशाळेतील मुलीने कोरल ड्रॉ या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या बाह्यरेषा एकसंध केल्या, रफाराचे निमुळते टोक थोडे जाड केले, ‘ष्णा’मधील दाटी मोकळी केली आणि मग खऱ्या आकाराची छापील प्रत भिंतीला चिकटवून आम्हाला रस्त्याच्या पलीकडून वाचायला लावली. ‘कृ’चा ऋकार त्या अंतरावरून पुसट दिसत होता, तो तिने आमच्यासमोरच दुरुस्त केला.

राउटरच्या व्ही आकाराच्या बिटने, म्हणजे कोरणाऱ्या पात्याने, कोरताना खोली अक्षराच्या जाडीवर ठरते, हे ग्राहकाला आधी सांगितलेले बरे. आमच्या अक्षरांची सर्वांत जाड रेघ १८ मिलिमीटरची होती. टोकाचा कोन ९० अंशांचा असलेल्या बिटने तेथे ९ मिलिमीटर खोली मिळते, तर ६० अंशांच्या बिटने ती साडेपंधराच्या पुढे जाते. इंचभर जाडीच्या फळीत एवढे खोल जाणे योग्य नव्हे, म्हणून मोठ्या अक्षरांना ९० अंशांचा आणि खालच्या घरक्रमांकाच्या बारीक रेघांना ६० अंशांचा बिट वापरण्यात आला. हा निर्णय अचूक ठरला. गोल बिटने कोरलेल्या अक्षरांचे आतले कोपरे बोथट होतात; येथे मात्र बिट कोपऱ्याकडे जाताना हळूहळू वर उचलला जात असल्याने ‘प’चा कोपरा पटाशीने काढल्यासारखा धारदार आला आहे.

खरी किंमत मोजावी ती यानंतरच्या कामासाठी. शिरोरेघ लाकडाच्या रेषांच्या दिशेने जाते म्हणून ती स्वच्छ येते, पण काना आणि उभ्या रेघा त्या रेषांना छेदतात व तेथे तंतू उचकटून कडेला बारीक लव राहते. तेथील वयस्क कारागिरांनी ती लव लहान पटाशीने तासली आणि घडी घातलेला पॉलिश पेपर खाचेच्या तळापर्यंत नेऊन प्रत्येक उतार हाताने घासला. सागवान तेलकट असते, त्यामुळे त्यांनी फळी आधी थिनरने पुसून घेतली. रंग तंतूंतून बाजूला पाझरू नये म्हणून खाचांत प्रथम लाकडाची छिद्रे बुजवणारा सीलर भरला, तो वाळल्यावर गडद तपकिरी रंग दिला आणि वर आलेला रंग सपाट पृष्ठभाग घासून काढून टाकला. अक्षराची कड सुरीने ओढल्यासारखी राहण्याचे श्रेय या क्रमाला आहे. सोनेरी रंगाचा आग्रह तेथेही झाला, तो आम्ही नाकारला. उन्हात व्ही खाचेची एक बाजू आपोआप सावलीत जाते आणि अक्षर उठून दिसते, त्याला सोन्याची गरज पडत नाही.

पाटी ताब्यात घेताना मात्र मागची बाजू कोरी असल्याचे दिसले. समोर बाहेरच्या वापरासाठीच्या पीयूचे (पॉलियुरेथेन लेपाचे) थर आणि मागे काहीच नाही, अशी फळी दमटपणा एकाच बाजूने घेते आणि वाकते. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापणाऱ्या आणि लगेच पावसात भिजणाऱ्या नागपुरात ही हयगय परवडणारी नाही. सांगितल्यावर त्यांनी मागेही थर दिले, तसेच स्क्रूची गोल भोके फळीला आकसण्या-फुगण्यास वाव राहील अशी लांबट करून दिली. तक्रार एवढीच की हे न सांगता व्हायला हवे होते. दोन फुटी पाटीसाठी फिनिशिंगसह साडेपाच हजार रुपये पडले. देशी सागवान आणि आयात सागवान यांचे दर त्यांनी वेगवेगळे सांगितले, हे या बाजारात कौतुकास्पदच म्हणावे लागेल. दिलेली तारीख त्यांनी पाळली नाही आणि उशीर होणार हे स्वतःहून कळवलेही नाही. गृहप्रवेशाचा मुहूर्त ठरलेला असल्यास हाताशी चांगली सवड ठेवूनच काम द्यावे. संगणकाच्या पडद्यावर खोलीचा अंदाज येत नसल्याने एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून बनवलेल्या फळीच्या) तुकड्यावर एक अक्षर कोरून मागावे; मागितल्यास ते देतात, त्याचे वेगळे पैसे लावत नाहीत. पश्चिमेकडे तोंड असलेल्या फाटकावर पीयूचा नवा हात दर वर्षा-दोन वर्षांनी द्यावा लागेल, असे त्यांनीच बजावले असून त्या कामाचा दर मात्र आताच बिलावर लिहून घेणे इष्ट.