कंपनीच्या मालकाने सोशल मीडियावर स्वतः लिहावं, की टीमकडे सोपवावं?

आनंद महिंद्रांचं एक्सवरचं खातं पाहिलं की पहिल्या पर्यायाची ताकद कळते. सांगली जिल्ह्यातल्या एका कारागिराने भंगारातून छोटी जीप बनवली. डिसेंबर 2021 मध्ये महिंद्रांनी तिचं जाहीर कौतुक केलं, बदल्यात बोलेरो देऊ केली आणि पुढच्याच महिन्यात ती त्या कुटुंबाच्या दारात उभी राहिली. कंपनीच्या अधिकृत खात्यावरून हेच आलं असतं, तर लोकांनी जाहिरात समजून पुढे सरकवलं असतं. इथे निर्णय घेणारा माणूस स्वतः बोलत होता, म्हणून ते मनाला भिडलं.

पण धोकाही इथेच आहे. ऑगस्ट 2018 मध्ये इलॉन मस्क यांनी आपली टेस्ला कंपनी शेअरमागे 420 डॉलर भावाने शेअर बाजारातून काढून खासगी करण्यासाठी निधी पक्का झाल्याचं ट्वीट केलं. हा दावा दिशाभूल करणारा असल्याचा आरोप झाला. अमेरिकी बाजार नियामकाशी झालेल्या तडजोडीत मस्क आणि टेस्ला यांना प्रत्येकी 2 कोटी डॉलर दंड भरावा लागला, मस्क यांचं टेस्लाचं अध्यक्षपदही सुटलं.

टीमने लिहिलेलं सुरक्षित असतं, चुका कमी होतात. मात्र सणाच्या शुभेच्छा आणि पुरस्कारांचे फोटो यापलीकडे ते क्वचितच जातं, आणि कर्मचारीसुद्धा ते वाचत नाहीत.

माझं मत स्वतः लिहिण्याच्या बाजूने आहे, अगदी ठामपणे. आठवड्यातून एकदा लिहा, पण स्वतःच्या शब्दांत. फक्त निकाल, विलीनीकरण, भांडवल असे शेअरच्या भावाला हात घालणारे विषय आधी शेअर बाजाराला कळवा. शेअर बाजारात सूचीबद्ध कंपन्यांसाठी बाजार नियामक सेबीचा नियमच तसा आहे. अशी पोस्ट कंपनी सेक्रेटरीच्या, म्हणजे नियमांचं पालन पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या, नजरेखालून गेल्याशिवाय टाकू नका.