सायलेंट हंटर ३ आणि कोल्ड वॉटर्स: डायनॅमिक कॅम्पेन महिनोन् महिने खेळल्यावर

रिव्ह्यू मुद्दाम उशिरा लिहितोय. पाणबुडीच्या गेमचा पहिल्या आठवड्यातला रिव्ह्यू कोणाच्या कामाचा नसतो, त्यात लाटा किती भारी दिसतात आणि पहिलं जहाज फुटलं तेव्हा कसली मजा आली एवढंच असतं. बरेच महिने झाले, सायलेंट हंटर ३ (दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुडीचा गेम, त्यावर जीडब्ल्यूएक्स मॉड, म्हणजे चाहत्यांनी केलेली मोठी सुधारणा, टाकून), कोल्ड वॉटर्स आणि मधूनमधून डेंजरस वॉटर्स (हे दोन्ही आधुनिक पाणबुड्यांचे) असं आलटून पालटून चाललंय, आणि आता डायनॅमिक कॅम्पेन विरुद्ध स्क्रिप्टेड कॅम्पेन या जुन्या भांडणावर मला दोन शब्द बोलायचेत.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. स्क्रिप्टेड म्हणजे मिशन आधीच लिहून ठेवलेलं, कॉन्व्हॉय (मालवाहू जहाजांचा ताफा) अमुक ठिकाणी, त्याची राखण करणारी डिस्ट्रॉयर तमुक ठिकाणी, परत खेळलात तरी तिथेच. डायनॅमिक म्हणजे तुम्हाला बोट, बंदर आणि तारीख देतात, पुढचं तुमचं तुम्ही बघा. गंमत म्हणजे 1994 च्या एसेस ऑफ द डीपमध्ये हे डायनॅमिक प्रकरण व्यवस्थित होतं आणि 2001 च्या सायलेंट हंटर २ मध्ये मात्र मिशनची सरळ रांग आली, लोक वैतागले. मग तिसऱ्या भागातही डायनॅमिक कॅम्पेन नसणार असं कळल्यावर चाहत्यांनी एवढी बोंब मारली की रिलीज पुढे ढकलून ते घातलं गेलं, गेम आला मार्च 2005 ला. आज वीस वर्षांनी लोक तो गेम इन्स्टॉल करतायत ते याच एका गोष्टीमुळे, असं माझं ठाम मत आहे.

आता प्रत्यक्षात खेळताना काय होतं ते सांगतो. ऑर्डर येते, अमक्या ग्रिडमध्ये (म्हणजे नकाशावरच्या अक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या चौकोनात) जा आणि चोवीस तास गस्त घाल. समजा आयर्लंडच्या पश्चिमेला एएम पट्ट्यातला एखादा चौकोन मिळाला. टाइम कॉम्प्रेशन 1024 वर टाकून, म्हणजे गेममधला वेळ 1024 पट वेगाने पळवत निघायचं, पोचायचं, चोवीस तास काढायचे आणि बहुतेक वेळा तिथे काहीही नसतं. म्हणजे खरंच काही नाही, नुसतं पाणी आणि पावसाळी ढग. त्यानंतर डिझेल किती उरलंय, टॉर्पेडो किती आहेत बघून स्वतःच ठरवायचं की आयरिश समुद्राच्या तोंडाशी जायचं का अजून पश्चिमेला सरकायचं. मग रेडिओवर कॉन्व्हॉयची खबर येते, नकाशावर खूण दिसते, दिशा आणि अंदाजे वेग कळतो, तुम्ही पट्टी घेऊन रेघा मारता, बोट पृष्ठभागावर सतरा नॉटने पळवता, आणि पोचता तेव्हा वादळ लागलेलं असतं, धुकं एवढं की काहीशे मीटरपलीकडचं दिसत नाही आणि डेक गनवर माणूस उभा करता येत नाही. स्क्रिप्टेड मिशनमध्ये असं वादळ डिझायनर घालणारच नाही, कारण त्याला तुमची करमणूक करायचीय. इथे कोणालाच तुमची पडलेली नाही, आणि नेमकं तेच मला आवडतं. शिकार मिळणारच आहे हे माहीत असलं की माणूस निर्धास्त खेळतो, नसेल माहीत तर हायड्रोफोनवर (पाण्याखालचे आवाज ऐकायचं यंत्र) प्रत्येक वेळी चेक करताना कान टवकारतात.

पण एक पडदा उघडून दाखवतो. सायलेंट हंटर ३ चं कॅम्पेन लोक समजतात तेवढं "जिवंत" वगैरे नाहीये. फोल्डरमध्ये बघितलं तर तीन थर दिसतात, एलएनडी म्हणजे जमिनीवरचं, एससीआर म्हणजे ठरलेल्या तारखेला ठरलेलं, आणि आरएनडी म्हणजे नशिबावरचं. आरएनडीमध्ये प्रत्येक ताफ्याला मार्ग दिलाय, किती तासांनी परत निघायचं ते दिलंय आणि निघण्याची शक्यता टक्क्यात दिलीय. म्हणजे एसटीचं वेळापत्रकच ते, गाडी आहे, रूट आहे, फक्त आज येईल का नाही ते देवाला ठाऊक. तुम्ही कितीही टनांची जहाजं बुडवा, पुढचा कॉन्व्हॉय तेवढाच मोठा येणार, ब्रिटनमध्ये साखर कमी पडणार नाही, युद्ध तुमच्याकडे ढुंकून बघत नाही. यावर बरेच जण नाराज असतात की मग हे डायनॅमिक कसलं.

मला उलट वाटतं. एका टाइप सात बोटीच्या (गेममधली नेहमीची जर्मन पाणबुडी) कॅप्टनने अटलांटिकचं युद्ध बदललं नव्हतंच. मे 1943 मध्ये 41 यू-बोटी (जर्मन पाणबुड्या) गेल्या, त्याच महिन्यात 24 तारखेला जर्मन नौदलप्रमुख डोनित्झने उत्तर अटलांटिकमधून बोटी मागे घेतल्या, आणि गेममध्ये हे तुम्हाला कोणी कटसीन दाखवून सांगत नाही, तुम्हाला ते फक्त जाणवतं. 1940 मध्ये रात्री पृष्ठभागावरून ताफ्यात घुसून मजेत चार टॉर्पेडो सोडून येणारा माणूस 1943 मध्ये बिस्केचा उपसागर ओलांडतानाच घामाघूम होतो, विमान येतं, डुबकी मारा, बॅटरी संपते, वर या, परत विमान. रिनाऊन पॉइंट (कामगिरीवर मिळणारे गुण) खर्चून रडार डिटेक्टर घेतला तरी जीव भांड्यात पडत नाही. एकाच बोटीवर, एकाच करिअरमध्ये हे सगळं वर्षागणिक घडताना बघणं, हे कुठलंही लिहिलेलं मिशन देऊ शकत नाही. (डेड इज डेड, म्हणजे एकदा मेलात की करिअर संपलं, असं खेळत असाल तर 1943 बघायला मिळेलच याची खात्री नाही, तो भाग वेगळा.)

कोल्ड वॉटर्स याच्या बरोब्बर उलट. 2017 चा गेम, मायक्रोप्रोजच्या 1988 च्या रेड स्टॉर्म रायझिंगचा वारसा सांगणारा, आणि इथे युद्ध तुमची दखल घेतं, जरा जास्तच घेतं. उपग्रहाची, सोनार जाळ्याची खबर येते की सोव्हिएत ताफा निघालाय, तुम्ही वेळेत गाठला नाही तर मिशन फेल आणि नाटोचं पारडं हलकं. पहिले काही आठवडे मी याच्यावर जाम खूश होतो. टॉर्पेडो मोजकेच, बंदरावर परत जावं तर तेवढ्यात दुसरी बातमी, काय सोडायचं हा निर्णय खरा निर्णय वाटतो. पण दोन-तीन कॅम्पेन झाल्यावर खटकायला लागलं की अख्खं तिसरं महायुद्ध माझ्या एका बोटीवर अवलंबून आहे, अमेरिकन नौदलाच्या बाकीच्या पाणबुड्या काय सुट्टीवर गेल्यात का? मिशनचे प्रकारही तेच तेच, ताफा अडवा, किनाऱ्यावर क्षेपणास्त्र टाका, कमांडो उतरवा. लढाई मात्र लाजवाब आहे, वायर गायडेड टॉर्पेडो (तारेने दिशा देता येणारा) थर्मल लेयरखालून (पाण्याचं तापमान बदलतो तो थर, सोनारपासून लपवणारा) फिरवून आणायची मजा दुसरीकडे नाही, त्यामुळे संध्याकाळी तासभर मिळाला की अजूनही तोच उघडतो.

स्क्रिप्टेडला शिव्या द्यायची फॅशन आहे, पण डेंजरस वॉटर्सने माझं मत थोडं मऊ केलंय. शीतयुद्धोत्तर पाणबुडीचं काम म्हणजे मुळात गोळी न झाडणं, समोरचा शत्रू आहे की मच्छीमार आहे हे तासभर सोनारवर बसून ओळखणं, नियम मोडला तर मिशन गेलं. असला प्रसंग नशिबाच्या टक्क्यांतून तयार होत नाही, कोणीतरी बसून विचार करूनच लिहावा लागतो. त्यात किलो वर्गाची बोट चालवता येते, आपल्या सिंधुघोष वर्गाच्या बोटी त्याच डिझाइनच्या, त्यामुळे बॅटरीवर चार-पाच नॉटने सरपटत जाताना जरा वेगळंच वाटतं. अडचण एकच, एकदा उलगडलेलं मिशन परत खेळताना मन आधीच त्या बेअरिंगवर (शत्रू ज्या दिशेला आहे तिथे) जाऊन बसतं. मिशन एडिटरमध्ये जहाजं कुठे आणि किती शक्यतेने यावीत हे थोडं रँडम ठेवता येतं, चांगल्या मॉडर्सनी ते वापरलंय, आणि खरं सांगायचं तर कागदावर हे आणि सायलेंट हंटरचा आरएनडी थर यात फार फरक नाही, फरक आहे तो एका रात्रीचा पसारा आणि सहा वर्षांचा पसारा यात.

घेणार असाल तर सायलेंट हंटर ३ घ्या, जीडब्ल्यूएक्स मात्र करिअर सुरू करायच्या आधीच टाका कारण चालू करिअरमध्ये टाकलं की सेव्ह बोंबलते, ताफ्याच्या जवळ किंवा पाण्याखाली असताना सेव्ह करू नका, आणि 1939 पासूनच सुरू करा. क्रू थकण्याचं मूळ मॉडेल डोकं खातं, ते मॉडमध्ये बदलून घ्या. पहिल्या गस्तीत काहीच सापडलं नाही तर गेम बिघडलाय असं समजून रिइन्स्टॉल करत बसू नका.