ओबीडी अडॅप्टर, काही महिने वापरून: मंद कोण, सेन्सर की अडॅप्टर?

चेक इंजिनचा दिवा लागला, गॅरेजमध्ये स्कॅनर लावला आणि पी०१३३ कोड निघाला. म्हणजे पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचा (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून हवा-इंधनाचं मिश्रण ओळखणारा) प्रतिसाद मंद. लगेच निकाल आला, ‘दोन्ही सेन्सर बदलून टाका.’ मागच्या सेन्सरचा काय संबंध, असं विचारलं तर उत्तर नाही. वर मला न विचारता कोड पुसूनही टाकला. राग आला तो यासाठी. कोड पुसला की तो कोणत्या आरपीएमला, किती लोडवर, इंजिन किती गरम असताना आला याची नोंद, म्हणजे फ्रीझ फ्रेम, जाते, आणि गाडीच्या संगणकाने स्वतः घेतलेल्या चाचण्यांचे आकडेही जातात. निदानाला उपयोगी पडेल असं नेमकं तेच. त्याच संध्याकाळी मी ब्लूटूथचा साधा ईएलएम३२७ अडॅप्टर मागवला, गाडीच्या ओबीडी (निदानाच्या) सॉकेटला लावून संगणकातले आकडे मोबाइलच्या ॲपमध्ये दाखवणारा. पदरचे पैसे घालून अंदाजाने पार्ट बदलणं मला मान्य नाही.

अडॅप्टर कसा दिसतो, जोडी कशी जुळवायची हे सगळ्यांना माहीत आहे, ते सोडून देतो. एकच सांगतो. डब्यावर ‘आवृत्ती १.५’ छापलेलं असेल तर तो नक्कल केलेला आहे, कारण मूळ कॅनेडियन कंपनीने त्या क्रमांकाची आवृत्ती कधी काढलीच नव्हती. माझाही तसाच निघाला. रोजच्या कामाला चालतो. पण त्याचा एक दोष असा आहे की या सगळ्या लिखाणाचं कारण तोच.

दोष वेगाचा. ॲपमध्ये सुरुवातीला येतो तो दहा-बारा काट्यांचा देखणा डॅशबोर्ड. अडॅप्टर प्रत्येक आकडा संगणकाला आळीपाळीने विचारतो. त्यामुळे सेन्सरच्या व्होल्टेजची पाळी फार वेळाने येते. चांगला झिर्कोनिया सेन्सर (पुढच्या सेन्सरचा साधा, सिरॅमिकचा प्रकार) गरम इंजिनवर ०.१ आणि ०.९ व्होल्टच्या मध्ये सतत वरखाली करत असतो आणि ०.४५ची मधली रेघ पुन्हा पुन्हा ओलांडतो. लंबकाकडे मधूनच एकदा डोळा उघडून पाहिलं तर तो हलतोय की नाही हे कळत नाही, तसंच इथे होतं. डॅशबोर्डवर माझा सेन्सर जवळजवळ मेलेला दिसत होता. गॅरेजवाल्यांचं म्हणणं बरोबर, असं वाटण्याइतका.

मग सगळे काटे काढून टाकले आणि फक्त पुढच्या सेन्सरच्या व्होल्टेजचा ग्राफ ठेवला. इंजिन पूर्ण गरम केलं, गाडी २५०० आरपीएमला काही मिनिटं धरली. या सेन्सरचं सिरॅमिक ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय धड बोलतच नाही, म्हणून थंड इंजिनवर घेतलेला ग्राफ फेकून द्यावा. आता रेघ वरखाली होत होती. म्हणजे मंदपणाचा मोठा हिस्सा अडॅप्टरचाच होता! हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती: एका वेळी एकच आकडा. संगणकाशी बोलण्याची जुनी पद्धत (प्रोटोकॉल) असलेल्या गाडीत तर नक्कीच, कारण तिथे सेकंदाला मोजकीच उत्तरं येतात. कॅन ही नवी, जलद पद्धत असलेल्या गाडीत थोडं बरं असतं.

तरीही कोड खोटा नव्हता. रेघेचे खांदे गोल होते. लीनकडून (इंधन कमी) रिचकडे (इंधन जास्त) ती पटकन चढायची, उतरताना मात्र रेंगाळायची. ॲक्सिलरेटर झटक्यात दाबून सोडला की व्होल्टेज लगेच वर जाऊन तितक्याच तडक खाली यायला हवं. इथे खाली यायला ते आढेवेढे घेत होतं. चांगल्या सेन्सरला ही उडी मारायला साधारण १०० मिलिसेकंदांच्या आतलाच वेळ लागतो. तो वेळ मोजणं या अडॅप्टरच्या आवाक्याबाहेरचं आहे, त्यासाठी व्होल्टेजचे झटपट बदल दाखवणारा ऑसिलोस्कोपच लागतो. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत मी याला खेळणं ठरवून मोकळा झालो होतो.

मत बदललं ते मोड ०६ मुळे. बहुतेक लोक ॲपमधला हा भाग उघडतच नाहीत, कारण तिथे नुसते आकडे असतात. पण हे आकडे गाडीच्या संगणकाने स्वतः, स्वतःच्या वेगाने मोजलेले असतात. अडॅप्टर फक्त वाचून दाखवतो, त्यामुळे त्याचा संथपणा आड येत नाही. कॅनच्या गाडीत मॉनिटर ०१ म्हणजे पहिल्या बँकेचा (सिलिंडरांच्या पहिल्या रांगेचा) पुढचा सेन्सर. त्यातली चाचणी ०५ म्हणजे रिचकडून लीनकडे जायला लागलेला वेळ, ०६ म्हणजे लीनकडून रिचकडे. शेजारी किमान आणि कमाल मर्यादा. प्रत्येक कंपनी हे सगळे रकाने भरत नाही, माझ्या गाडीत होते. दिवा पुन्हा लागला तेव्हा काहीही न पुसता वाचलं: ०६ व्यवस्थित, ०५ कमाल मर्यादेच्या पलीकडे. ज्या गोष्टीसाठी स्कोप हवा होता ती गाडीनेच मोजून ठेवली होती.

तरी लगेच सेन्सर घेतला नाही. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला गळती असेल तर एक्झॉस्टच्या दाबाच्या दोन लाटांच्या मधल्या क्षणात बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला चुकीचं मिश्रण दिसतं. सकाळी थंड इंजिन सुरू करून बॉनेट उघडं ठेवलं. मॅनिफोल्डच्या जोडापाशी बारीक टिकटिक येत होती आणि एका बोल्टच्या खाली काजळीचा काळा फराटा होता, बोटाला लागेल असा ताजा. इंजिन तापलं की आवाज बंद, म्हणून गॅरेजमध्ये तो कुणाच्या कानावर पडला नसेल. पॅकिंग बदललं. दिवा गेला, ०५चा आकडा खाली आला. पण मर्यादेच्या जेमतेम आतच थांबला.

पुढचे महिने मी अधूनमधून तो आकडा टिपत राहिलो. हळूहळू तो पुन्हा वर सरकला. मग एके दिवशी पी०१३३ प्रलंबित कोडांत दिसला, दिवा लागायच्या आधीच. हा कोड सहसा लागोपाठ दोन ड्राइव्ह सायकलमध्ये (गाडी सुरू करून, चालवून बंद करण्याच्या फेऱ्यांमध्ये) आल्यावरच दिवा पेटवतो, त्यामुळे प्रलंबित यादी वाचण्याची सवय फार उपयोगी आहे. आता गळती नव्हती, दोष सेन्सरचाच होता. तो बदलला, फक्त पुढचा.

काढलेल्या सेन्सरच्या टोकावर पांढुरकी थर बसलेली होती. काळी काजळी रिच मिश्रणाची खूण, पांढरी बहुधा सिलिकॉनची. मागे व्हॉल्व्ह कव्हर बसवताना भरपूर सिलिकॉन सीलंट थापलेलं मी पाहिलं होतं. सेन्सरला न बाधणारं सीलंट वेगळं मिळतं आणि ते मागून घ्यायला हवं, नाहीतर नवा सेन्सरही त्याच वाटेने जाईल. बसवताना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) फक्त आट्यांना लावायचं, टोकाला अजिबात नाही. कनेक्टरमध्ये ग्रीस किंवा स्प्रेही नको, कारण बऱ्याच सेन्सरमध्ये तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरच्या आतूनच येते.

आता मागच्या, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या) पलीकडच्या सेन्सरबद्दल. त्याचा ग्राफ जवळपास सपाट दिसतो म्हणून तो बदलायला सांगितलं जातं. कन्व्हर्टर नीट काम करत असेल तर तो सपाटच दिसायला हवा. माझा तसाच आहे, आणि तो बदलायचे पैसे वाचले. ज्यांच्या गाडीत पुढे वाइडबँड सेन्सर (मिश्रणाचं नेमकं प्रमाण मोजणारा) आहे त्यांनी वरचा ०.१ ते ०.९चा हिशेब लावू नये. त्यांना लॅम्डाचा, म्हणजे हवा-इंधन प्रमाणाचा, आकडा पाहावा लागेल, आणि तो असा उड्या मारत नाही.

अडॅप्टरला पाचपैकी चार देतो. एक गुण त्या दहा काट्यांच्या डॅशबोर्डसाठी कापला, कारण निदानाच्या नावाखाली तो माणसाला सरळ चुकीच्या पार्टकडे नेतो. बाकी तक्रारी किरकोळ: ब्लूटूथ कधीकधी तुटतं, आणि गाडी बंद असली तरी हा बॅटरी खात राहतो, म्हणून काम झालं की काढून ठेवा. नव्या सेन्सरनंतरचे मोड ०६चे सगळे आकडे मी तारखेसह जपून ठेवलेत. पुढच्या वेळी गॅरेजमध्ये आधी ते दाखवीन, मग चावी देईन.