गोलच्या जल्लोषाला तंत्रज्ञानाची साथ किती? गोललाइन, ऑफसाइड आणि व्हीएआरची परीक्षा

फुटबॉलमध्ये गोल मारल्यावर खेळाडूने मैदानावर जल्लोष करावा का? आमचं उत्तर आहे: करावा, आणि लगेच करावा. नव्वद मिनिटं धावून हाती एखाददुसरा गोल लागतो. त्या क्षणी आनंद दाबून ठेवा म्हणणं खेळावर अन्याय आहे. नियमावलीसुद्धा खेळाडूच्याच बाजूने आहे. बाराव्या नियमात जल्लोषाला स्पष्ट मुभा दिलेली आहे, फक्त त्याचा अतिरेक होऊ नये आणि वेळकाढूपणा होऊ नये. तरीही आज मोठ्या स्पर्धांत गोल मारणारा आधी लाइन्समनच्या झेंड्याकडे बघतो, मग रेफरीकडे, आणि मग कुठे हात वर करतो. हे गोल तपासणाऱ्या यंत्रणांमुळे झालं आहे. म्हणून अशा तीन यंत्रणा आम्ही एकाच कसोटीवर तपासल्या: चेंडू जाळ्यात गेल्यापासून पक्का निकाल कळेपर्यंत त्या खेळाडूला किती ताटकळत ठेवतात?

या कसोटीवर गोललाइन तंत्र निर्विवाद पहिलं. चेंडू पूर्णपणे रेषेपार गेला की एका सेकंदाच्या आत रेफरीच्या मनगटावरचं घड्याळ थरथरतं आणि त्यावर खूण उमटते. नियमात वेळेची मर्यादाच तेवढी आहे. २०१० च्या विश्वचषकात जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्डचा चेंडू रेषेच्या बराच आत पडूनही गोल दिला गेला नाही. त्यानंतर २०१२ मध्ये या तंत्राला मान्यता मिळाली आणि २०१४ च्या विश्वचषकात ते वापरात आलं. खेळाडूच्या दृष्टीने याचा मोठा गुण असा की जल्लोष सुरू व्हायच्या आधीच निकाल लागलेला असतो. ‘चेंडू रेषेपार गेला का’ एवढाच एक प्रश्न आणि त्याचं हो किंवा नाही एवढंच उत्तर, म्हणून हा वेग शक्य होतो. उणीव एकच: कॅमेऱ्यांना चेंडू दिसायला हवा. १७ जून २०२० रोजी अ‍ॅस्टन व्हिला विरुद्ध शेफील्ड युनायटेड सामन्यात गोलरक्षक चेंडू हातात घेऊन रेषेपार गेला, पण गोलरक्षक, बचावपटू आणि खांब यांच्यामुळे सातही कॅमेऱ्यांपुढे आडोसा आला आणि घड्याळ गप्प राहिलं. सामना ०-० सुटला. चूक गंभीरच, पण इतकी दुर्मीळ की तिच्यामुळे आम्ही या तंत्राचा क्रमांक खाली आणणार नाही.

दुसरं, अर्धस्वयंचलित ऑफसाइड. पास दिला जातो त्या क्षणी प्रतिस्पर्ध्यांच्या अर्ध्यात असलेला खेळाडू चेंडू आणि शेवटून दुसरा प्रतिस्पर्धी या दोघांच्याही पुढे असेल तर ती ऑफसाइड जागा. याचं मोल कळायला जुन्या पद्धतीची अडचण आधी समजून घ्यावी लागते. ऑफसाइड ठरवताना पास देणाऱ्याचा पाय चेंडूला लागला तो नेमका क्षण पकडायचा असतो. सेकंदाला ५० चित्रं टिपणारा कॅमेरा घेतला तर दोन चित्रांमध्ये ०.०२ सेकंद जातं. सेकंदाला ८ मीटर वेगाने धावणारा खेळाडू तेवढ्यात १६ सेंटिमीटर पुढे सरकतो. बचावपटू उलट दिशेने येत असेल तर दोघांमधला फरक आणखी वाढतो. म्हणजे हाताने रेषा आखून सेंटिमीटरचा निवाडा करताना मुळात चित्रच चुकीचं निवडलेलं असू शकतं, आणि योग्य चित्र शोधण्यात वेळ जातो तो वेगळाच. २०२२ च्या विश्वचषकात यावर उपाय आला. छताखालचे १२ कॅमेरे प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत होते आणि चेंडूतला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवत होता. त्यामुळे पायाचा स्पर्श नेमका कधी झाला हे कळायला लागलं. याचा पहिला फटका उद्घाटनाच्याच सामन्यात बसला: इक्वेडोरच्या एनर वॅलेन्सियाने तिसऱ्या मिनिटाला यजमान कतारविरुद्ध गोल केला, जल्लोष केला, आणि तो गोल रद्द झाला. त्याने पुढे दोन गोल मारले आणि दोन्ही वेळा तितक्याच आनंदाने साजरे केले. खेळाडूने असंच वागावं.

पण नाव नीट वाचा: अर्धस्वयंचलित. यंत्र जागा सांगतं. ऑफसाइड जागेतल्या खेळाडूने गोलरक्षकाची दृष्टी अडवली का, चेंडूच्या मार्गात तो आला का, हे माणसालाच ठरवावं लागतं. असा प्रसंग आला की वेग पुन्हा मंदावतो.

आता व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून मैदानावरचे निर्णय तपासणारा सहायक रेफरी. अचूकतेसाठी आम्हाला हा हवा आहे, जल्लोषाच्या कसोटीवर मात्र तो सर्वांत खाली आहे. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि भलत्याच खेळाडूला कार्ड, या चार बाबींत लक्ष घालण्यासाठी तो आणला गेला. कागदावर हे आटोपशीर वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक गोलमागे चढाईचा अख्खा टप्पा तपासला जातो: फाउल, ऑफसाइड, चेंडू आधीच बाहेर गेला होता का, गोल मारणाऱ्याच्या हाताला लागला का. स्वतः गोल मारणाऱ्याच्या हाताला चेंडू नकळत लागून लगेच गोल झाला तरी तो रद्द होतो, म्हणून सहज दिसणारा गोलही तपासाविना सुटत नाही.

त्यात लाइन्समनला सूचना असते की अगदी थोडक्यातला ऑफसाइड असेल तर चढाई संपेपर्यंत झेंडा वर करू नये. लवकर झेंडा वर गेला आणि निर्णय चुकला तर खरा गोल कायमचा हातचा जातो, म्हणून ही सूचना योग्यच. परिणाम असा की झेंडा खाली आहे म्हणजे गोल पक्का, हा जुना हिशेब आता चालत नाही. १७ एप्रिल २०१९ रोजी टॉटनहॅमविरुद्ध रहीम स्टर्लिंगने भरपाई वेळेत गोल केला, मँचेस्टर सिटीचं अख्खं स्टेडियम उसळलं, आणि त्याचा सहकारी आग्वेरो ऑफसाइड असल्याने गोल रद्द झाला. निर्णय बरोबर होता. प्रेक्षकांना मात्र तो का बदलला हे वेळेवर आणि नीट कळत नाही, आणि आमचा खरा आक्षेप इथे आहे. २०२३ च्या महिला विश्वचषकात रेफरी माइकवरून निर्णय सांगू लागल्या. हा बदल सगळीकडे व्हायला हवा.

माणसांमधलं बोलणं बिघडलं की सगळं बिघडतं. ३० सप्टेंबर २०२३ रोजी लिव्हरपूलच्या लुईस दियाझचा योग्य गोल मैदानावर ऑफसाइड दिला गेला. मैदानावरचा निर्णय गोलचाच आहे अशा समजुतीत व्हीएआरने ‘तपासणी पूर्ण’ म्हटलं आणि खेळ पुन्हा सुरू झाला. एकदा खेळ सुरू झाला की असा निर्णय मागे घेता येत नाही. २०२४ मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधून व्हीएआर काढण्याचा ठराव तिथल्याच वुल्व्ह्स या क्लबने मांडला, त्यात जल्लोषावर होणारा परिणाम हेही एक कारण दिलं होतं. ठराव १९ विरुद्ध १ मतांनी पडला. व्हीएआर काढून टाकावा असं आमचंही म्हणणं नाही, पण ती तक्रार खरी होती.

मग खेळाडूने काय करावं? निकालाची वाट बघत थांबू नये. जल्लोष चालू असतो त्या वेळातच साध्या गोलची तपासणी बहुधा उरकते, त्यामुळे वेळेचं नुकसान होत नाही. रेफरीचं बोट कानाशी असेल तर तपासणी चालू आहे. त्याने हवेत टीव्हीच्या पडद्यासारखा चौकोन काढला तर औपचारिक फेरतपासणी सुरू झाली, तेव्हा घोळका मोडून मैदानाच्या आपल्या अर्ध्यात यावं. स्वतः तो चौकोन काढून रेफरीमागे लागू नये, त्यालाही पिवळं कार्ड आहे.

जर्सी अंगावरच ठेवावी. ती काढली किंवा डोक्यावर ओढली की पिवळं कार्ड ठरलेलं. मुखवटा घालणं, कुंपणावर चढणं आणि चिथावणीखोर हावभाव यांनाही तेच. गोल रद्द झाला तरी कार्ड रद्द होत नाही, हे फार जण विसरतात. आधीच एक कार्ड असेल तर मग विचारूच नका: २ डिसेंबर २०२२ रोजी ब्राझीलविरुद्ध विजयी गोल मारून कॅमेरूनच्या व्हिन्सेंट अबुबकरने जर्सी काढली आणि दुसऱ्या पिवळ्या कार्डामुळे तो बाहेर गेला. कुंपणाची बंदी तर जिवाच्या काळजीने आहे. २००४ मध्ये सर्व्हेट या स्विस क्लबच्या पाउलो दियोगोची अंगठी कुंपणात अडकली आणि त्याचं बोट तुटलं. अंगठी टेपने झाकून खेळणंही नियमात बसत नाही. सामन्याआधी काढूनच ठेवावी.

सीमारेषेबाहेर जाऊन जल्लोष केला तर कार्ड नाही, फक्त लवकर परतायचं. आपण कोपऱ्यात नाचत असताना प्रतिस्पर्धी झटकन किक-ऑफ करून गोल मारतील ही भीतीही बिनबुडाची आहे. किक घेणारा सोडून दोन्ही संघांचे सगळे खेळाडू आपापल्या अर्ध्यात आल्याशिवाय आणि रेफरीने इशारा केल्याशिवाय किक-ऑफ होतच नाही.