डायरी लिहिणाऱ्यांनी ही वही घ्याच

गोखले रोडवरच्या स्टेशनरीच्या दुकानातून १०० जीएसएमची (म्हणजे जाडसर कागदाची) शिवलेली वही घेतली, एकदम पैसा वसूल, फाउंटन पेनची शाई मागच्या पानावर अजिबात उमटत नाही आणि वही सपाट उघडते त्यामुळे पार शिवणीपर्यंत लिहिता येतं. बाबा गेल्यापासून आईसमोर जे बोलताच येत नव्हतं ते सगळं यात उतरतंय. पेनेबेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या १९८६ च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं मनातलं दुःख लिहिलं, लिहिताना त्रास झाला पण नंतरच्या महिन्यांत डॉक्टरकडच्या फेऱ्या कमी झाल्या. मला तर पटलंय, आधी रडू येतं, मग शांत झोप लागते. कव्हर मात्र पातळ आहे, बॅगेत कोपरे दुमडतात. दुकानदार काका पेन चालवून बघायला कागद देतात, घाई करत नाहीत.