जुना तांब्याचा बंब बदलून घेताना आम्ही कसे फसलो, खेड्यातल्या लोकांनी नक्की वाचा

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. आंघोळीचं पाणी आमच्याकडे अजूनही बंबावरच तापते कारण कापूस निघाला की पऱ्हाटी अन् तुरीच्या तुराट्या घरच्याच पडून असतात, आणि लाईटचा भरोसा नाही. डिसेंबर २०१८ मध्ये नागपूरचा पारा ३.५ वर गेला होता ना, तेव्हाही याच बंबानं अख्खं घर तारलं होतं.

बंब आजीच्या आंदणातला. जाड तांब्याचा, मधोमध जाळ घालायची नळी अन् तिच्या भोवती पाणी.

या दिवाळीला अभ्यंगाच्या दिवशी पहाटे लहान भावानं पाणी भरायच्या आधीच नळीत जाळ घातला, पाच-दहा मिनिटं कोरडाच पेटला आणि मग खालून पाणी ठिबकायला लागलं. मी त्याचा व्हिडिओ काढून ठेवला होता, तो पुढे कामी आला. माय म्हणे, "तालुक्याले ने, झाळ मारून आण," म्हणजे सांधा कथलानं जोडून आण. मी म्हटलं कापूस संपू दे मग नेतो, आणि तिथंच राहून गेलं.

आठ दिवसांनी एक छोटा टेम्पो गावात आला, मागं दहाबारा नवे बंब चकाकत होते, दोन माणसं, भोंग्यावर ओरडत होते जुनं तांबं-पितळ द्या नवीन घ्या. एकजण अंगणात आला, बंबात पाणी ओतून दाखवलं, ठिबकलं. नळीत हात घालून काजळी बाहेर काढली आणि म्हणाला, "काऊन ठेवता हे भंगार, भाऊ? नळी सडली याची, आज ना उद्या फाटन, कोणाच्या अंगावर कढत पाणी पडलं म्हणजे?" घरात लहान लेकरं आहेत, ते ऐकून बायको पण घाबरली. नवा माल भंडाऱ्याचा आहे म्हणे. भंडारा म्हणजे पितळी भांड्यांचं गाव, आपण लहानपणापासून ऐकतो, त्यामुळे माझा पण विश्वास बसला.

मग वजन. त्यानं खिशातून हुकाचा छोटा काटा काढला, ७ किलो २०० दाखवलं. झाळ अन् काजळीची घट धरून भाव ४०० रुपये, म्हणजे २,८८० झाले. नवा ६,५०० ला. मी वरचे ३,६२० नगदी दिले. मला सगळ्यात जास्त हेच लागते की माझ्या ढेलजेत कापूस वेचणीचा काटा टांगलेला होता, त्याच्यावर आम्ही बायांची वेचणी रोज किलोकिलोनं मोजतो, मजुरी त्याच्यावरच देतो, आणि आजीचा बंब मात्र मी परक्या माणसाच्या काट्यावर देऊन टाकला. माय दारातून बोलत होती, "आपल्या काट्यावर पाहाय बरं," मी ऐकलं नाही.

तीन आठवड्यात नव्या बंबाचं पाणी पिवळसर यायला लागलं, मग तांबूस, खाली बुडाशी गंज. जुन्या स्पीकरचं चुंबक लावलं तर टक्कन चिकटलं. तांब्याला किंवा पितळेला चुंबक चिकटत नाही. कानशीनं बुडाशी थोडं घासलं तर वरची तांबडी पॉलिश निघून खाली पांढरा लोखंडी पत्रा. तोटी तेवढी खरी पितळेची होती. फोन केला तर नंबर बंद, आणि साध्या कागदावरच्या बिलात "बंब १ नग" एवढंच, तांब्याचा असं कुठेच लिहिलेलं नाही.

शेजारच्या काकूकडे त्याच मापाचा बंब आहे, तो आमच्या काट्यावर टांगला, ११ किलो ३०० भरला. तालुक्यातल्या मोडवाल्यानं त्याच आठवड्यात जुन्या तांब्याला ६५० भाव सांगितला, म्हणजे सात हजाराच्या वर होतात. व्हिडिओ घेऊन तांबटाकडे गेलो. त्यानं एकदा पाहिलं अन् म्हणाला, नळी कुठं सडली, तांबं असं सडत नसते भाऊ, बंब कोरडा पेटवला की झाळ वितळते, तांब्याला काही होत नाही, तीनचारशे रुपयात सांधा पक्का करून दिला असता. झाळ कथलाची असते, ती तांब्याच्या मानानं लई कमी आचेवर पातळ होते. नळीच्या चारी बाजूनं पाणी असलं तर नळी फार तापत नाही, पाणी नसलं की झाळ सुटते. मी गावातून तालुक्याले नुसतं सहा मैलाचं अंतर गेलो असतो तर बंब आज घरात असता.

तर तुमचा बंब ठिबकत असेल तर आधी पाहा पाणी सांध्यातून येते का पत्र्यातून. सांधा असेल तर झाळून घ्या. पत्रा खरंच पातळ होऊन भोक पडलं असेल तरी तांबटाला दाखवल्याशिवाय दारावरच्या माणसाला देऊ नका, आणि द्यायचाच तर वजन घरच्या काट्यावर. नवा घेताना खिशात चुंबक ठेवा, बुडाला, आतून, नळीला सगळीकडे लावा. बिलावर धातूचं नाव, वजन, दुकानाचा पत्ता लिहून घ्या. मी ठाण्यात लेखी अर्ज दिला, ग्राहक हेल्पलाईन १९१५ ला पण फोन केला, पण दुकानाचा पत्ताच नाही तर तक्रार कोणाविरुद्ध लिहायची. टेम्पोचा नंबर मी पाहिला नव्हता, तुम्ही फोटो काढून ठेवा.

माय अजून बोलत नाही त्या विषयावर. बंबाच्या गळ्यावर ठिपक्याठिपक्यांनी आजीचं सासरचं नाव अन् खाली १९६४ कोरलेलं आहे, तोटीच्या डाव्या बाजूला अंगठ्याएवढा पोचा आहे. दारव्हा, दिग्रस, कारंजा भागात कोण्या मोडीच्या दुकानात दिसला तर वितळवायच्या आधी मला सांगा, भाव देऊन परत घेतो.